नळाच्या शेवटच्या टोकाविषयी: राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण,
फरीदकोट हाउस, कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली



आपले न्यायासन ज्या फरीदकोट हाउसमध्ये भरते ते आणि महाराष्ट्रातून कामकाजासाठी आलेला माणूस जेथे उतरतो ते जुने महाराष्ट्र सदन, या दोन्ही वास्तू दिल्लीच्या एकाच कोपर्निकस मार्गावर उभ्या आहेत. परंतु काखेत कागदांची पिशवी मारून सकाळी सदनाच्या दारातून बाहेर पडणारा तो माणूस मंत्र्यांच्या भवनांकडे, सर्वोच्च न्यायालयाकडे नाही तर एम्सच्या रांगेकडे वळतो, आपल्या दाराकडे सहसा वळत नाही. आपली कीर्ती त्याच्या कानी नाही असे नव्हे. अरण्य, नदी, खाण, धूर आणि राडारोडा हे हरित लवादाचे विषय आणि पोटात गेलेला जंतू हा डॉक्टरचा विषय, अशी वाटणी त्याने मनाशी केव्हाच करून टाकली आहे. आणि स्पष्टोक्तीची क्षमा असावी, पण ती वाटणी मोडून काढण्याची विशेष तसदी आपल्या दप्तरानेही घेतल्याचे दिसत नाही. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर जे घडले ते पाहता ही वाटणी फार काळ चालू देणे योग्य नाही, असे माझे नम्र परंतु ठाम मत झाल्यामुळे हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या नैर्ऋत्येस, खडकवासला धरणाच्या सान्निध्यात असलेल्या किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी, खडकवासला या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, प्रथम हगवण व उलट्या होऊन बरी झालेली धडधाकट माणसे आठ-पंधरा दिवसांनी पायांतील बळ अकस्मात जाऊन अंथरुणाला खिळू लागली, काहींना हात उचलेना, काहींना घास गिळेना, आणि काहींचा श्वासोच्छ्वास यंत्रावर चालवावा लागला. गुइलेन-बॅरे सिंड्रोम हे नाव, जे तोपर्यंत वैद्यकाच्या ग्रंथांत निमूटपणे पडून होते, ते जीबीएस या संक्षेपाने भाजी मंडईत ऐकू येऊ लागले. केंद्र सरकारने सात तज्ज्ञांचे पथक पाठविले, पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले गेले, आणि त्यांतील काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व काहींत नोरोव्हायरस हा विषाणू सापडला. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली, दहाहून अधिक माणसे दगावली. सरकारने औषधोपचाराच्या खर्चाची तजवीज केली, आणि एका रुग्णाच्या इम्युनोग्लोब्युलिनच्या कुप्यांचे बिल लाखांच्या घरात जात असता ती करणे अगत्याचेच होते; परंतु ज्या विहिरीतून या वस्तीला पाणी जात होते तिच्या काठावरची चौकशी जितक्या उत्साहाने सुरू झाली तितक्या चिकाटीने ती शेवटास नेण्यात आली, असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

या जिवाणूची थोडी ओळख करून देतो. कारण आपल्यासमोर येणाऱ्या वादी-प्रतिवादींत त्याचे नाव सहसा नसते. थेओडोर एशेरिख या जर्मन-ऑस्ट्रियन बालवैद्याने १८८६ मध्ये अर्भकांच्या मळात नागमोडी आकाराचे जंतू पाहिले होते, परंतु शौचाच्या नमुन्यातून ते वाढवून दाखविण्यास १९७२ साल उजाडावे लागले, कारण या जिवाणूच्या आवडीनिवडी विलक्षण आहेत: त्याला प्राणवायू हवा पण बेताचा हवा, आणि उष्णता ४२ अंशांची, म्हणजे साधारण पक्ष्याच्या देहाइतकी, मानवते. म्हणूनच कोंबड्या, बदके आणि रानपाखरे यांच्या आतड्यांत तो सुखाने नांदतो, त्यांना इजा करीत नाही, आणि त्यांच्या विष्ठेवाटे माती, पाणी व मांस यांत उतरतो. उघड्या पाण्यात तो वाढत नाही, पण थंड पाण्यात बराच काळ तग धरतो. आणि माणसाला आजारी पाडण्यास त्याचे काही शे जंतूही पुरे होतात. उकळत्या पाण्यात तो मरतो, योग्य मात्रेतील क्लोरीनने मरतो, नीट शिजलेल्या मांसात उरत नाही. इतका दुबळा शत्रू एखाद्या महानगराच्या दारात येऊन दोनशे माणसांना लोळवितो, तेव्हा दोष त्याच्या पराक्रमाकडे देण्यात अर्थ नसतो.

माणसाच्या शरीरात तो जे कपट करतो ते मात्र असामान्य आहे. त्याच्या बाह्य आवरणातील काही शर्करायुक्त रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात की त्याचा बंदोबस्त करण्यासाठी देहाने सोडलेली प्रतिपिंडे जंतूचा नाश झाल्यानंतर स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. लुळेपणा दिसेपर्यंत मूळ आरोपी बहुधा फरार झालेला असतो. शौचात सापडला तर सापडला. हा लुळेपणा दर हजार संसर्गांमागे सुमारे एकाच्या वाट्याला येतो असा वैद्यकाचा अदमास आहे, आणि माझी पहिली तक्रार याच आकड्यापाशी सुरू होते. पुण्यातील दोनशेपैकी निम्म्यांच्या मुळाशी हा जंतू नव्हता असे धरून चाललो तरी त्यामागे हगवणीने हैराण झालेल्या हजारो, कदाचित लाखांच्या घरातील माणसांची नोंद कोठे तरी असावयास हवी होती. ती नाही. मुलाला दोन दिवस जुलाब झाले, मेडिकलवाल्याने गोळी दिली, शाळा दोन दिवस बुडाली, एवढ्यावर प्रकरण मिटते. हगवण ही आपल्याकडे आजार म्हणून धरली जात नाही, ती ऋतुमानात धरली जाते. आरोग्य खात्याचे दप्तर माणूस लुळा झाल्यावर जागे होते. कॅम्पिलोबॅक्टर वाढविण्याची सोय किती जिल्हा रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत आहे असे सरकारला एकदा प्रतिज्ञापत्रावर विचारावे. उत्तर वाचण्यासारखे असेल.

आता पाण्याकडे येतो. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी ही गावे २०२१ च्या जूनअखेरीस अन्य गावांसह, एकूण तेवीस, पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत घेतली गेली. धायरी तर २०१७ मध्येच घेतली गेली होती. गावे घेताना मिळकतकराची बाब मार्गी लागली, पाण्याची रेंगाळली. साथीच्या काळात जी हकिकत बाहेर आली ती अशी की, धरणाचे पाणी गावच्या विहिरीत उतरवायचे, त्यात क्लोरीन घालायचे आणि टाकीत चढवून वस्तीला सोडायचे, हीच व्यवस्था तेथे चालू होती. गाळणीची यंत्रणा नव्हती. आता क्लोरीन हे औषध चांगले असले तरी त्याच्या अटी आहेत. पाणी गढूळ असेल तर ते मातीत आणि सेंद्रिय द्रव्यात खर्ची पडते, जंतूच्या वाट्याला येत नाही; मात्रा बरोबर असली तरी सुमारे अर्धा तास पाण्याशी संपर्क लागतो; आणि नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असले पाहिजे, ही भारतीय मानकाची अट आहे, ती यासाठी की वाटेत फुटक्या वाहिनीतून गटाराचे पाणी आत शिरले तर त्याला तोंड देण्यास काही फौज उरावी. महाराष्ट्राच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची भुकटी, आणि ओटी टेस्ट हे दोन शब्द शिपायापासून सरपंचापर्यंत सर्वांना ठाऊक आहेत. नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, म्हणजे ओटी पॉझिटिव्ह, अशी ती सोपी परीक्षा. आणि तिची नोंदवही. या नोंदवहीवर कितपत विसंबावे हे जिल्हा परिषदेत काम केलेला कोणीही जुना माणूस मंद हसून सांगेल. टीसीएलचे पोते दमट खोलीत उघडे राहिले की त्यातील क्लोरीन उडून जाते आणि पांढरी भुकटी तेवढी उरते. ती टाकल्याची नोंद मात्र खरीच असते.

नोंदवही खोटी निघाली तर काय होते, याचा निकाल एका न्यायाधीशाने लिहून ठेवला आहे आणि आपल्या ग्रंथालयात तो असावा अशी माझी प्रांजळ इच्छा आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकरटन नावाचे पाचेक हजार वस्तीचे गाव आहे. २००० च्या मे महिन्यात तेथे मुसळधार पाऊस पडला, शेतावरील गुरांच्या शेणातील जंतू एका उथळ विहिरीत उतरले, आणि ई. कोलायच्या एका विषारी जातीबरोबर हाच आपला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी घराघरांत पोहोचला. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, सात मेली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत निघाले ते असे की, पाणी सोडणारे कर्मचारी शिल्लक क्लोरीन मोजतच नव्हते, रोजच्या तक्त्यात ठरावीक आकडे भरीत होते. खासगी प्रयोगशाळेने दूषित नमुन्याचा अहवाल आरोग्याधिकाऱ्याला कळविलाच नाही. आणि सरकारने खर्च कमी करण्याच्या भरात देखरेख ढिली केली होती. शेतकऱ्याला त्यांनी दोषी धरले नाही, त्याने शेण टाकले ते रीतीला धरूनच होते. क्लोरीन व गढूळपणा अखंड मोजणारे एक साधन त्या विहिरीवर असते तर साथच टळली असती, असा निष्कर्ष त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिला, आणि २००२ मध्ये त्या प्रांताने पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र कायदा केला. आमच्याकडे साथ आली, गेली, विहिरीवर मंत्री आले, गेले, आणि संशयाची सुई काही दिवस कोंबडीवर स्थिरावली. कोंबड्यांचे भाव पडले. कोंबडीचा संबंध नाही असे मी म्हणत नाही. कच्चे मांस नळाखाली धुण्याने शिंतोडे ओट्यावर उडतात आणि त्याच सुरीने कोथिंबीर चिरली जाते, हे प्रत्येक स्वयंपाकघरात सांगण्यासारखे आहे. पण शेजारपाजारच्या वाड्या एकदम आजारी पडतात तेव्हा प्रत्येकाच्या रश्शाची चौकशी करण्याआधी सर्वांत समाईक असलेल्या वस्तूची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते, हे १८५४ पासून, जॉन स्नो याने लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखविले तेव्हापासून, साथरोगशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो.

क्लोरीनची इतकी तरफदारी केल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या या दिल्लीनेच जगाला शिकविली आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह हलला, नजफगड नाल्याचे मैलापाणी वजीराबादच्या उपशाकडे उलटले, जलशुद्धीकरणाच्या अधिकाऱ्यांनी प्रसंग ओळखून क्लोरीनची मात्रा वाढविली. आणि विषमज्वर व आमांश यांची साथ आली नाही. परंतु काही आठवड्यांनी काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले, कारण विषाणू त्या मात्रेला दबला नाही. (तो कोणता विषाणू होता हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी ठरले, आज त्याला हेपॅटायटिस ई म्हणतात.) पुण्याच्या नमुन्यांत नोरोव्हायरस सापडला ही गोष्ट या संदर्भात वाचावी. गाळणीवाचून क्लोरीन म्हणजे अर्धे काम, आणि मैला उपशाजवळ येऊ न देणे हे त्याहूनही आधीचे काम. ते मात्र नि:संशय आपल्या अधिकारक्षेत्रात येते. १९८८ च्या पावसाळ्यात यमुनेपलीकडच्या पुनर्वसन वसाहतींत कॉलऱ्याने माणसे पटापट दगावली तेव्हा उथळ हातपंप आणि शौचकूप यांच्यात फारसे अंतर ठेवले गेले नव्हते. त्या वसाहती कोणी वसविल्या आणि तेथे हातपंप कोणी बसविले, हे प्रश्न विचारणारे न्यायासन त्या वेळी अस्तित्वात नव्हते. आज आहे.

आपल्या एका आदेशाचे स्मरण येथे अगत्याने करून देतो. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे आरओ यंत्रांना मनाई करावी, असे आपण २०१९ च्या मे महिन्यात पर्यावरण मंत्रालयास फर्माविले होते. पाण्याची नासाडी हे त्यामागचे प्रमुख कारण होते. परंतु आरोग्याच्या बाजूने पाहता त्या आदेशाला आणखी बळकट आधार आहे, तो आपल्यापुढे कोणी मांडला की नाही कोण जाणे. सह्याद्रीच्या पावसाचे मऊ पाणी आरओतून काढण्यास मुळात कारण नाही. आणि त्या यंत्रातील कोळशाची गाळणी पाण्यातील क्लोरीन आधीच शोषून घेते, त्यामुळे नंतर वीस लिटरच्या जारमध्ये भरलेले ते पाणी चवीला गोड असले तरी निराधार असते. जार धुणाऱ्याचा हात किंवा टाकीच्या झाकणाची फट पुरते. सिंहगड रस्त्यावर नळाचा भरवसा नसल्यामुळेच लोक पैसे मोजून जार आणीत होते, आणि साथीत तपासणी झाली तेव्हा काही खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्यात दूषितपणा आढळून ते बंद करावे लागले. सीलबंद बाटलीची गणना अन्नात होते आणि तिला परवाना लागतो. सुटा जार आणि टँकर हे कोणाचे, या प्रश्नावर मात्र एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखविते.

हे बोट दाखविण्याचे काम आमच्याकडे जुने आहे. १८१८ मध्ये बंगालकडून आलेल्या पटकीने पुणे-मुंबई गाठली, आणि तेव्हापासून शतकभराहून अधिक काळ गावोगाव साथ आली की मरीआईचा गाडा सजवून, वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडण्याची चाल पडली. पलीकडचे गाव तो गाडा आपल्या शिवेपलीकडे लोटी, आणि असा तो गावामागून गाव फिरे. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांचे एक तरी होते की त्यांना रोग कोठून येतो हे कोणी सांगितले नव्हते. आज महानगरपालिका म्हणते धरण जलसंपदा खात्याचे, जलसंपदा खाते म्हणते शुद्धीकरण पालिकेचे, पालिका म्हणते गाव नुकतेच हद्दीत आले, प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणते पिण्याचे पाणी आमच्याकडे नाही, अन्न व औषध प्रशासन म्हणते जार सीलबंद नाही. आणि गाडा पुढे चालतो. वारकऱ्यांना पंढरपूरच्या वाटेवर थांबवून कॉलऱ्याची सुई टोचण्याचा काळ आमच्या आधीच्या पिढीने पाहिला. त्या टोचणीत जुलूम होता, पण तिचा जबाबदार अंमलदार कोण हे तरी वारकऱ्याला दिसत असे.

आता आपल्याविषयी. २०१५ च्या जानेवारीत आपण यमुनेबाबत दिलेला निकाल मी आदराने वाचला आहे. आणि मैला शुद्धीकरणानंतर सोडल्या जाणाऱ्या पाण्यातील मलजन्य जंतूंचे मोजमाप कडक करण्याचा आग्रह आपण धरलात हेही जाणतो. परंतु आपल्या आदेशांची एक ठरीव रीत होऊन बसली आहे. तक्रार आली की संयुक्त समिती नेमावी, समितीत ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या खात्यांचेच अधिकारी असावेत, त्यांनी अहवाल द्यावा, अहवालावर पुढील तारीख पडावी, आणि शेवटी भरपाईची रक्कम एका सरकारी तिजोरीतून दुसऱ्या सरकारी तिजोरीत जमा व्हावी. ज्याच्या पायांतील बळ गेले त्या रिक्षावाल्याच्या हाती यातून काय पडते? आपल्याच अधिनियमाच्या कलम १५ खाली प्रदूषणाच्या बळींना भरपाई देण्याचा अधिकार आपणास आहे. दुसऱ्या अनुसूचीत मृत्यू, कायमचे किंवा तात्पुरते अपंगत्व, आजारपण, औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी या बाबी संसदेने एकेक करून लिहून ठेविल्या आहेत. हे कलम वापरण्यास आपण संकोचता, अशी माझी मुख्य तक्रार आहे. आणि अर्जदाराची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही: आपणहून दखल घेण्याचा आपला अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात मान्य केला, तोही मुंबई महानगरपालिका पक्षकार असलेल्या प्रकरणात.

म्हणून माझे मागणे असे. सिंहगड रस्त्यावरील साथीचे समग्र दप्तर, म्हणजे विहिरीच्या, टाक्यांच्या, नळांच्या आणि जारच्या नमुन्यांचे निकाल, क्लोरीनच्या नोंदवह्या आणि केंद्रीय पथकाचे निष्कर्ष, हे सर्व मागवून प्रसिद्ध करावे. आणि ते तपासण्यास खात्याचे अधिकारी न नेमता सूक्ष्मजीवशास्त्राचा एखादा अध्यापक, जलशुद्धीकरणाचा एखादा निवृत्त अभियंता आणि त्या गावातील एखादी पाणी भरणारी बाई नेमावी. हद्दीत घेतलेल्या गावाला गाळलेले पाणी देण्याची मुदत हद्दवाढीच्या दिवसापासून मोजली जावी, मिळकतकराची मोजली जाते तशी. जेथून वस्तीला पाणी सुटते त्या प्रत्येक ठिकाणी शिल्लक क्लोरीन व गढूळपणा आपोआप मोजणारे साधन बसावे आणि त्याचा आकडा चावडीवर, दुकानावर, कोणालाही दिसेल असा लागावा. त्यासाठी येणारा खर्च इम्युनोग्लोब्युलिनच्या बिलांशी ताडून पाहावा. जार आणि टँकर यांचा धनी कोण, हे एकदाचे ठरवून द्यावे. हगवणीची नोंदही सक्तीची व्हावी; ते आपल्या कक्षेत येत नाही असे आपण म्हणाल, तर प्रदूषणाचा परिणाम मोजल्याशिवाय प्रदूषकाकडून भरपाई घेता येत नाही, एवढे उत्तर मी देऊन ठेवतो.

कलम १५ खालील अर्जाची मुदत कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांची आहे. सिंहगड रस्त्यावरील रुग्णांच्या बाबतीत ती २०३० च्या जानेवारीपर्यंत पुरते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना हे ठाऊक नाही. आपले पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच बसते. त्या पीठाच्या निबंधकांनी मराठीत एक पानाची सूचना काढून ती नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी व खडकवासला येथे लावण्याची व्यवस्था केली, अर्ज कोठे, कसा आणि कोणत्या कागदांसह करावा एवढे तीत लिहिले, तर तेवढ्यासाठी कोणत्याही समितीची गरज पडणार नाही.



आपला,
कोपर्निकस मार्गावरील एक मराठी रहिवासी